निंबोळीतला रेणू आणि एका प्राध्यापकाची २२ वर्षं

चोपड्याच्या बाजारात निंबोळी अर्काच्या बाटलीवर ‘शंभर टक्के केमिकलमुक्त’ असं छापलेलं दिसलं, म्हणून हे लिहितो आहे. खानदेशात कपाशीवर रसशोषक किडी दिसू लागल्या की निंबोळी अर्क हवाच. पण त्यातलं कीड रोखणारं मुख्य द्रव्य केमिकलच आहे: अझाडिरॅक्टिन. ३५ कार्बन, ४४ हायड्रोजन, १६ ऑक्सिजन. झाडानं बनवलं म्हणून ते रसायन नाही, असं होत नाही. आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही; धोतराही नैसर्गिकच.

१९६८ मध्ये इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी ते वेगळं केलं. टोळ कशाला तोंड लावत नाहीत, यावरून त्यांनी ते हुडकलं. रचना मात्र १९८५च्या सुमारास उलगडली. तेव्हा लंडनच्या इंपीरियल कॉलेजात सेंद्रिय रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या स्टीव्हन ले यांनी हा रेणू प्रयोगशाळेत घडवायला घेतला. १९९२ मध्ये ते केंब्रिजला गेले, तिथेही काम चालूच राहिलं. २००७ मध्ये रेणू जमला.

एवढा वेळ का लागला? यात १६ कार्बन असे आहेत की प्रत्येकाची मांडणी डावी-उजवी होऊ शकते, म्हणजे २ चा १६ वा घात, ६५,५३६ शक्यता. हवी ती एकच. शिवाय रेणूचे दोन अर्धे भाग ज्या बंधानं जुळतात, तिथे दोन्ही बाजूंना अणूंची इतकी दाटी की कार्बनला कार्बन थेट भिडेना. मग त्यांनी दोन्ही भाग आधी ऑक्सिजनमार्फत जोडले, कारण तो बाहेर डोकावतो, त्याच्यापर्यंत पोचता येतं. नंतर मिश्रण तापवलं की क्लेझन पुनर्रचना घडते: सहा अणूंच्या वर्तुळात इलेक्ट्रॉन सरकतात, कार्बन-ऑक्सिजन बंध तुटत असतानाच पलीकडे कार्बन-कार्बन बंध बांधला जातो. दोन्ही टोकं आता एकाच रेणूत असल्यानं त्यांना एकमेकांना शोधत फिरावं लागत नाही. यातून अ‍ॅलीन, म्हणजे एकाच कार्बनवर लागोपाठ दोन दुहेरी बंध असलेली जोडणी, मिळतं, आणि त्यावर मूलक (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेला अणू किंवा रेणू) अभिक्रियेनं अणूंचं पुढचं वलय मिटतं. मला हा डाव विलक्षण सुंदर वाटतो.

सुरुवातीच्या मालाच्या तुलनेत अखेरचं उत्पादन जवळपास ०.०००१५ टक्के. त्यामुळे कारखान्यात ते बनवण्याचा प्रश्नच नाही, निंबोळ्या गोळा करणंच परवडतं. त्या सावलीत वाळवाव्यात, बुरशी लागू देऊ नये. पाच किलो भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, शंभर लिटर करायची. फवारणी संध्याकाळी घ्यावी. उन्हातल्या अतिनील किरणांनी हा रेणू लवकर मोडतो.