साखरपुड्याच्या अंगठीतला हिरा: आकारामागचा कोनांचा हिशेब

एक कॅरेटचा गोल हिरा आणि एक कॅरेटचा लंबगोल हिरा, दोन्हींचं वजन २०० मिलिग्रॅमच. रंग, शुद्धता, पॉलिश, सगळं प्रमाणपत्रावर अगदी सारखं असू शकतं. तरी गोल हिरा आकडे वाचून बऱ्यापैकी निवडता येतो आणि लंबगोल येत नाही. गोल सोडून बाकीच्या जवळपास सगळ्या आकारांची हीच गत आहे, आणि त्याचं कारण हिऱ्याच्या खालच्या उताराच्या कोनात आहे.

हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२. प्रकाश आत शिरला की त्याचा वेग सेकंदाला सुमारे १ लाख २४ हजार किलोमीटरवर येतो. परिणामी हिऱ्याचा क्रांतिक कोन (पृष्ठभागाला लंब रेषेपासून मोजलेला) फक्त २४.४ अंश आहे. साध्या काचेचा ४१ अंशांच्या आसपास असतो. आतून पृष्ठभागावर याहून तिरका आदळलेला किरण बाहेर पडत नाही, पूर्णच्या पूर्ण आत परावर्तित होतो. पैलू पाडणाऱ्याला एवढंच साधायचं असतं की वरून आलेला प्रकाश खालच्या उतारांवर दोनदा आपटून पुन्हा वरूनच बाहेर पडावा. वरचा सपाट पैलू म्हणजे टेबल, त्याभोवतीचा उतार क्राउन, सर्वांत रुंद कडा गर्डल आणि खालचा निमुळता भाग पॅव्हिलियन.

अँटवर्पच्या हिरे घडवणाऱ्या घराण्यातला अभियंता मार्सेल टोल्कोव्स्की याने १९१९ मध्ये गोल हिऱ्याचं गणित मांडलं: पॅव्हिलियनचा कोन ४०.७५ अंश, क्राउनचा ३४.५ अंश, टेबल व्यासाच्या ५३ टक्के. आज या आकड्यांच्या आगेमागे बरीच मोकळीक मान्य असली तरी मूळ तर्क तोच आहे. सरळ वरून आलेला किरण ४०.७५ अंशांच्या उतारावर आदळतो, समोरच्या उतारावर जातो आणि वर येताना उभ्या रेषेपासून १७ अंश कललेला असतो. १७ हा २४.४ पेक्षा कमी, म्हणून तो टेबलमधून सुटतो आणि हवेत येताना वाकून साधारण ४५ अंशांवर निघतो. तीच वाट उलटी वाचा: वरून बघणाऱ्याच्या डोळ्यांत ४५ अंशांवरच्या दिव्याचा, खिडकीचा प्रकाश येतो. उतार ४५ अंशांचा केला तर किरण आल्या वाटेनं सरळ परत जातो. मग हिऱ्यात दिसतं काय? बघणाऱ्याचं स्वतःचं डोकं, म्हणजे काळोख. खोल कापलेल्या गोल हिऱ्याचा मधला भाग काळा दिसतो तो यामुळेच.

आता लंबगोल घ्या. एक कॅरेटचा चांगला ओव्हल साधारण ७.७ × ५.७ मिमी असतो. गर्डलपासून खालच्या टोकापर्यंतची खोली एकच, पण मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर लांबीकडे ३.८५ आणि रुंदीकडे २.८५ मिमी. खोली २.७ मिमी धरली तर रुंदीच्या दिशेला उतार ४३ अंशांच्या पुढे जातो आणि लांबीच्या दिशेला ३५ अंशांवर राहतो. खोली कमी केली की रुंदीकडचा कोन सुधारतो, लांबीकडचा आणखी उथळ होतो. दोन्हीकडे ४०.७५ मिळणं भूमितीतच बसत नाही. खऱ्या हिऱ्यात पैलूंची मांडणी याहून गुंतागुंतीची असते, पण ओढाताण हीच. रुंदीकडचे काही पैलू डोक्याची सावली परत पाठवतात आणि हिऱ्याच्या मधोमध आडवा काळा पट्टा दिसतो, दोन्ही कडांना रुंद आणि मध्ये चिमटलेला. धंद्यात त्याला बो-टाय म्हणतात. ओव्हल, पेअर म्हणजे थेंबाचा आकार, आणि दोन्ही टोकांना निमुळता मार्कीज या तिन्हींत तो थोडाफार असतोच. अजिबात नको असा हट्ट धरला तर हाती काही लागणार नाही. हिरा १५–२० अंश हलवल्यावर पट्टा उजळत असेल तर घ्यावा. हलवूनही काळाच राहिला तर नाकारावा, किंमत कितीही उतरवली तरी.

हे प्रमाणपत्रात कुठेच लिहिलेलं नसतं. हिऱ्यांना प्रमाणपत्र देणारी अमेरिकेतली संस्था जीआयए २००६ पासून कटची श्रेणी देते ती फक्त गोल ब्रिलियंटला, म्हणजे नेहमीच्या गोल हिऱ्याला. बाकी आकारांच्या रिपोर्टवर पॉलिश आणि सिमेट्रीपुढे ‘एक्सलंट’ असं असतं, आणि काउंटरवर तेच कटच्या दर्जासारखं ऐकवलं जातं. पॉलिश म्हणजे पैलूंचा गुळगुळीतपणा आणि सिमेट्री म्हणजे त्यांची जुळवाजुळव. प्रकाश परत येतो की नाही, याबद्दल दोन्ही शब्द गप्प आहेत.

म्हणून सुटा हिरा हातात घेऊन बघावा. पेढीतले छोटे प्रखर दिवे कुठल्याही हिऱ्याला चमकवतात; त्यांच्यापासून दूर, खिडकीजवळ जावं. हातभर अंतरावर धरून मग जवळ आणावा, कारण डोकं जवळ आलं की सावली वाढते आणि लबाडी उघडी पडते. नंतर छापील कागदावर टेबल वर ठेवून सरळ वरून पाहावं. मधून अक्षरं वाचता आली तर उतार फार उथळ आहेत आणि प्रकाश खालून गळतो आहे. उथळ कापलेल्या गोल हिऱ्यात टेबलच्या आत करडं कडं दिसतं, ते गर्डलचं प्रतिबिंब. व्हिडिओ पाहून ऑनलाइन घ्यायचा असेल तर दोन वेगळ्या उजेडांतले व्हिडिओ मागावेत.

एमराल्ड (लांबट चौकोन) आणि ॲशर (चौरस) हे पायऱ्यांच्या कटचे आकार. त्यांचे पैलू लांब, समांतर पट्ट्यांचे असतात, लुकलुक कमी आणि मोठे सावकाश झळाळ अधिक. (ॲशर हा ॲम्स्टरडॅमच्या जोसेफ ॲशरचा, १९०२ चा.) एवढ्या मोठ्या सपाट पैलूंतून आतला प्रत्येक डाग आणि पिवळसर छटा स्वच्छ दिसते. गोल ब्रिलियंटमध्ये एसआय१ शुद्धतेचा हिरा नुसत्या डोळ्यांना बहुधा निर्दोष दिसतो. एमराल्डला व्हीएस२ च्या (एसआय१ च्या वरच्या श्रेणीच्या) खाली उतरू नये, आणि डाग टेबलच्या मधोमध असेल तर व्हीएस२ सुद्धा तपासून घ्यावा. रंगाचंही तसंच: डी म्हणजे रंगहीन, तिथून झेडकडे जाताना पिवळसरपणा वाढतो. पिवळ्या सोन्यात गोल हिरा आय रंगाचा चालून जातो, पायऱ्यांच्या कटला जी–एच बरा. पेअर आणि मार्कीजच्या टोकांशी रंग गोळा होतो, तो वरूनच पाहावा.

कुशन (उशीसारखा, गोलसर कोपऱ्यांचा चौकोन) आणि रेडियंट (छाटलेल्या कोपऱ्यांचा चौकोन) यांमध्ये उलटा प्रकार. काही कुशनमध्ये पॅव्हिलियनचे पैलू मोठे असतात आणि रंगीत ठिणग्या ठळक उठतात. काहींमध्ये पैलू इतके बारीक असतात की सगळा हिरा बर्फाच्या चुऱ्यासारखा पांढरा चमचमतो, आणि रंग वेगवेगळे उठून दिसत नाहीत. डाग लपवायला हा चुरा उत्तम. रिपोर्टवरच्या नावावरून हा फरक कळेलच असं नाही, दिसायला मात्र दोन वेगळे हिरे. मला पहिला प्रकार सरस वाटतो.

चौकोनी प्रिन्सेस कटचा जन्म कच्च्या हिऱ्याच्या आकारातूनच झाला असं म्हणायला हरकत नाही. नैसर्गिक कच्चा हिरा पुष्कळदा अष्टफलकाचा असतो, म्हणजे तळाला तळ जोडलेले दोन पिरॅमिड. मधून कापला की दोन प्रिन्सेस निघतात आणि फारसं वाया जात नाही. त्याच कच्च्यातून गोल हिरे काढताना साधारण निम्मं वजन जातं. गोल हिरा महाग असण्यात या घटीचा मोठा वाटा आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याचं प्रकाशशास्त्र तंतोतंत हेच, पण कच्चा माल स्वस्त. वजन वाचवण्यासाठी कोन बिघडवायला तिथे सबब उरत नाही. तो घेताना कटबाबत तडजोड करूच नये.

प्रिन्सेसचं दुखणं म्हणजे चार टोकदार कोपरे. हिऱ्यावर ओरखडा उठवणं कठीण, पण तो अष्टफलकाच्या पृष्ठांना समांतर अशा चार दिशांनी फुटू शकतो. ओट्याच्या कडेवर नेमका फटका बसला की कोपरा उडतो. कोपऱ्यांवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या पकडी हव्यात. पेअरचं एक आणि मार्कीजची दोन्ही टोकं तशीच झाकावीत. टोकापाशी डाग असलेला हिरा टाळावा. एमराल्डचे कोपरे मुळातच छाटलेले असतात. रोज हाताचं काम करणाऱ्यांनी सभोवार सोन्याच्या पट्टीचं बंद कोंदण घ्यावं. साडीचा धागाही त्यात अडकत नाही.

मोठेपणा कॅरेटमध्ये नाही, मिलिमीटरमध्ये मोजावा. एक कॅरेटचा गोल हिरा ६.४–६.५ मिमी, प्रिन्सेस साधारण ५.५ मिमी (कर्ण मात्र ७.८), मार्कीज १० × ५ च्या आसपास. जाड गर्डल किंवा जास्त खोलीत वजन दडवलेलं असलं की पैसे दिसतच नाहीत. गोल हिऱ्याची एकूण खोली व्यासाच्या ५९ ते ६२.५ टक्के असावी; प्रिन्सेसमध्ये ७० च्या आसपास चालते. ०.९५ कॅरेटचा हिरा एक कॅरेटच्या हिऱ्याशेजारी डोळ्यांना वेगळा दिसत नाही, किंमत मात्र पूर्ण कॅरेटला उडी मारते.

लांबी-रुंदीचं प्रमाण आवडीवर: ओव्हल १.३ ते १.५, पेअर १.४५ ते १.७५, मार्कीज २ च्या आसपास. बदामी (हार्ट, हृदयासारखा) आकार अर्ध्या कॅरेटच्या खाली घेऊ नये, पकडी बसल्या की बदाम ओळखू येत नाही.

कुठलाही आकार घेतला तरी कोंदणाच्या खाली ब्रश जाईल एवढी जागा हवी. हिऱ्याला तेलकटपणा चटकन चिकटतो. खाणींत चरबी लावलेल्या टेबलांवर हिरे वेचले जात, ते याच गुणामुळे. पॅव्हिलियनवर तेलाचा थर बसला की बाहेर हवेऐवजी १.४७ अपवर्तनांकाचं तेल येतं आणि क्रांतिक कोन २४.४ वरून सुमारे ३७.५ अंशांवर चढतो. ४०.७५ च्या उताराला जेमतेम तीन अंश उरतात, आणि उथळ उताराच्या ओव्हलला तेवढेही नाहीत. कणीक मळताना अंगठी काढावी. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे दोन थेंब टाकून ती वीस मिनिटं भिजवावी आणि मऊ ब्रशनं हिऱ्याची खालची बाजू घासावी. बेसिनचं भोक आधी बंद करावं.