चावणारी चिलटं म्हणजे डासांची पिल्लं नव्हेत

तिन्हीसांजेला हातापायांना काहीतरी कडकडून चावतं, पण धड दिसतही नाही. मग कुणीतरी सांगतंच, 'डासांची पिल्लं आहेत!' साफ चूक. डासाची पिल्लं पाण्यात वळवळतात, आणि एकदा पंख फुटले की डास पुढे वाढतच नाही.

चावतात ती क्युलिकॉइडिस वंशाची चिलटं. लांबी जेमतेम १ ते ३ मिलिमीटर. डासासारखी लांब सोंड नसते. मादी आखूड मुखांगांनी कातडी कापते आणि साचलेलं रक्त ओढते. (नर बिचारे निरुपद्रवी.) बसल्यावर पंख कात्रीच्या पात्यांसारखे पाठीवर मिटलेले असतात. वाळूमाशी (अशीच दुसरी बारीक चावरी माशी) मात्र ते उभे धरते.

पंखांवरच्या करड्या-पांढऱ्या ठिपक्यांवरून जात ओळखता येते, हेही अर्धंच खरं. या वंशात १३०० हून अधिक जाती आहेत. ऑब्सोलेटस आणि स्कॉटिकस या दोन जातींच्या माद्या नुसत्या पंखांवरून खात्रीने वेगळ्या काढता येत नाहीत. तिथे डीएनए तपासावा लागतो.

एवढा कीस कशाला? कारण प्रत्येक जात रोग पसरवत नाही. इमिकोला ही जात मेंढ्यांमध्ये नीलजिव्हा आणि घोड्यांमध्ये आफ्रिकन हॉर्स सिकनेस पसरवते. दक्षिण अमेरिकेतली पॅराएन्सिस माणसांमध्ये ओरोपूश ताप. नीलजिव्हा माणसाला होत नाही. आणि हो, साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ही चिलटं आरामात आत येतात. जाळी बारीकच हवी.