शीर्षकाचा फॉन्ट: आधी शब्द पाहा, मग अक्षर निवडा

'जुन्या मैत्रिणी' हे शीर्षक स्क्रॅपबुकच्या पानावर दोन ओळींत, डावीकडून सरळ लावून पाहा. वरच्या 'जु'चा उकार थेट खालच्या 'मै'च्या मात्रांवर येऊन आदळतो. ओळींत अंतर वाढवलं तर दोन शब्द तुटक वाटतात, कमी केलं तर उकार आणि मात्रा मिळून भलताच गुंता होतो. हा दोष फॉन्टचा नाही, मांडणीचा आहे. खालची ओळ एका अक्षराच्या रुंदीइतकी उजवीकडे सरकवली की 'मै'च्या वर 'न्या' येतो, त्याच्या खाली काही लोंबत नाही, आणि ओळी खुशाल जवळ आणता येतात. फॉन्टची यादी उघडण्याआधी शीर्षकाचे शब्द कागदावर लिहून त्यात वर-खाली काय काय आहे ते बघायचं, ते यासाठी.

देवनागरीचं अक्षर तीन मजल्यांत राहतं. मधला मजला शिरोरेषेपासून दंडाच्या, म्हणजे उभ्या रेघेच्या, टोकापर्यंतचा. वरच्या मजल्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. तळात उकार, ऋकार, हलन्त. 'आमचं घर' या शीर्षकाला वर एक अनुस्वार सोडला तर काही नाही, म्हणून ते जवळजवळ कुठल्याही फॉन्टमध्ये नीट बसतं. 'सूर्योदय' मात्र तिन्ही मजले वापरतो: 'सू'चा उकार खाली, 'र्यो'चा रफार आणि मात्रा एकाच जागी वर. फॉन्ट कच्चा असेल तर तो तिथेच उघडा पडतो; रफार मात्रेला चिकटतो किंवा शेजारच्या अक्षरावर जातो.

तीन मजल्यांमुळे आकाराचा हिशेबही चुकतो. पॉइंट हे माप अक्षराच्या उंचीचं नाही, ज्या अदृश्य चौकटीत सगळे मजले बसवले आहेत तिचं आहे. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, ०.३५३ मिलिमीटर. म्हणजे १०० पॉइंटची चौकट ३५.३ मिलिमीटर उंच असते, पण 'म'च्या वाट्याला त्यातला किती भाग येतो हे दर फॉन्टला वेगळं. म्हणून एकाच ७२ पॉइंटात एक फॉन्ट भरदार दिसतो, दुसरा किरकोळ. सोपा उपाय असा: 'म' १०० पॉइंटात छापा आणि शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून दंडाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. तो २० मिलिमीटर भरला आणि तुम्हाला १५ हवा असेल, तर १५ ला २० ने भागून १०० ने गुणा. उत्तर ७५ पॉइंट. हे गुणोत्तर प्रत्येक फॉन्टसाठी एकदाच काढावं लागतं.

पण मुळात १५ मिलिमीटरच का? इथे डोळ्याचं गणित येतं. निरोगी डोळा साधारण एक कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखतो. हातात धरलेला अल्बम ४० सेंटिमीटरवर असतो. तिथे एक कला म्हणजे ०.१२ मिलिमीटर. सगळे मिळून अल्बम बघतात तेव्हा मागून डोकावणाऱ्याचं अंतर ७० सेंटिमीटर होतं आणि तोच बारकावा ०.२ मिलिमीटरवर जातो. रोझा वनसारख्या जाड-बारीक रेघांच्या फॉन्टची नाजूक रेघ लहान आकारात या हद्दीच्या आसपास आली, की मागच्याला फक्त जाड तुकडे दिसतात.

दुसरी हद्द वरच्या बाजूची आहे. रोमन लिपीवरच्या प्रयोगांत असं आढळलं, की इंग्रजीच्या लहान लिपीतल्या अक्षराची उंची डोळ्याशी साधारण ०.२ ते २ अंशांचा कोन करते तोवर वाचन पूर्ण वेगाने होतं. ४० सेंटिमीटरवर हा पट्टा सुमारे १.४ ते १४ मिलिमीटरचा आहे, ७० सेंटिमीटरवर २.४ ते २४ चा. डोळ्याच्या पडद्यावरचा सर्वांत तीक्ष्ण भाग जेमतेम दोन अंश पाहतो. बाकीचं आपण नजरेच्या उड्या मारत गोळा करतो, आणि दर मुक्कामाला सुमारे पाव सेकंद जातो. त्यामुळे शीर्षक जितकं मोठं तितकं लवकर वाचलं जातं, हा समज एका हद्दीपुढे खोटा ठरतो. देवनागरी अक्षरात रेघांची गर्दी जास्त, म्हणून खालची हद्द थोडी वर धरावी. १२ इंची, म्हणजे ३०.५ सेंटिमीटरच्या चौकोनी पानाला मधल्या मजल्याची १२ ते १८ मिलिमीटर उंची बहुतेक वेळा पुरते. ए-४ आकाराच्या पानाला १० ते १४.

लांब शीर्षक या उंचीत पानावर मावत नसेल तर अक्षरं बारीक करू नका, अरुंद घडणीचा फॉन्ट घ्या. खंड आणि टेको हे त्यासाठीच आहेत. याउलट लहान शीर्षक पसरवण्यासाठी अक्षरांतलं अंतर वाढवायचा मोह होतो. रोमनमध्ये ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या रेषेवर जेमतेम चढेल इतकीच लांब काढलेली असते. अंतर वाढवलं की प्रत्येक सांध्यावर फट पडते, आणि ती फट डोळ्याला शब्द संपल्याची खूण वाटते. पसरट शीर्षक हवं असेल तर पसरट फॉन्ट शोधायचा, एवढाच मार्ग आहे.

आता फॉन्टची परीक्षा. त्यासाठी 'किनाऱ्यावरची संध्याकाळ' ही ओळ टाइप करा. 'ऱ्या'मधला अर्धा र पापणीसारखा वळलेला दिसला पाहिजे. त्याच्या जागी रफार, पाय मोडलेला र किंवा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका दिसला, तर तो फॉन्ट मराठीचा विचार करून केलेला नाही, नाहीतर सॉफ्टवेअर त्याला नीट वाचत नाही. मग 'ऑगस्ट' आणि 'ॲ' टाइप करा. सुटा 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन येतो. शेवटी 'शाळेतला पहिला दिवस'. मराठीत पाकळीयुक्त 'ल' लिहितात आणि 'श'चीही घडण हिंदीपेक्षा वेगळी असते. कित्येक चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवल्याशिवाय मराठी रूप पुढे येत नाही, आणि काही सॉफ्टवेअर ती नोंद वाचतच नाहीत. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये मराठी रूपंच मूळ ठेवली आहेत. लेकराच्या शाळेच्या पानावर हिंदी वळणाचा 'ल' बघून आजोबा नाक मुरडणार असतील, तर तोच घ्यावा.

सॉफ्टवेअरचा घोळ ओळखणं सोपं आहे. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली आणि जोडाक्षरांत हलन्त दिसू लागले, की समजावं फॉन्ट निर्दोष आहे. युनिकोडमध्ये 'कि' हा आधी 'क', मग वेलांटी अशा उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. वेलांटीला डावीकडे नेण्याचं काम अक्षरं जुळवणारी यंत्रणा करते. ती बंद असेल तर सगळं कच्च्या क्रमाने दिसतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगात 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडावा लागतो, फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या 'टाइप' विभागात दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे आपोआप होतं आणि ते फुकट आहे. छपाईच्या दुकानात फाइल नेताना फॉन्ट आत बसवलेली पीडीएफच न्या. दुकानातल्या संगणकावर तुमचा फॉन्ट असेलच असं नाही.

'बी'चं बटण दाबून अक्षर ठळक करणं हा आणखी एक सापळा. फॉन्टमध्ये ठळक वजन, म्हणजे मुद्दाम काढलेलं जाड रेघांचं रूप, नसेल तर सॉफ्टवेअर अक्षराची बाह्यरेषाच सगळीकडून फुगवतं. मग 'क्ष', 'ळ', 'ब' यांच्या पोकळ्या बुजतात आणि 'ब'चा 'व' होतो. मुक्ता या फॉन्टची सात वजनं आहेत, बालू २ ची पाच. ती प्रत्येक स्वतंत्रपणे तोललेली आहेत, आणि जाड वजनात पोकळ्या मोकळ्या राहतील अशी काळजी घेतलेली आहे. दोन्ही मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे, मुक्त परवान्याचे. मुलांच्या पानाला बालू, प्रवासाच्या पानाला मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला यात्रा वन, हस्ताक्षराचा भास हवा तिथे कलम. मोदक हा अतिशय गुबगुबीत फॉन्ट वाढदिवसाला खुलतो, पण त्यात पोकळ्यांच्या जागी नुसत्या चिरा आहेत. मधला मजला २५ मिलिमीटरच्या खाली आणायचा नाही आणि दोनपेक्षा जास्त शब्द लिहायचे नाहीत. एका पानावर दोन फॉन्ट पुरे: एक शीर्षकाला, एक मजकुराला.

कागदावर उतरल्यावर शाई आपला हिशेब सुरू करते. इंकजेट प्रिंटरची डाय शाई पाण्यात विरघळलेली असते, ती कागदाच्या तंतूंतून बाजूला ओढली जाते. पिगमेंट शाईतले रंगकण विरघळत नाहीत, ते पृष्ठभागाजवळच थांबतात. कडा धारदार राहते आणि रंगही प्रकाशात जास्त टिकतो. खरबरीत, न लेपलेल्या कार्डशीटवर डाय शाईने बारीक फॉन्ट छापला तर रेघ फुगते. गडद पट्टीवर पांढरं अक्षर सोडलं तर उलट होतं: शाई दोन्ही बाजूंनी पांढऱ्या रेघेत शिरते. समजा ती प्रत्येक बाजूने ०.१ मिलिमीटर सरकली, तर ०.५ ची रेघ ०.३ ची उरते. गंमत अशी, की पडद्यावर गडद पार्श्वभूमीवरचं पांढरं अक्षर आहे त्यापेक्षा जाडच भासतं, त्यामुळे हा धोका छापेपर्यंत लक्षात येत नाही. अशा शीर्षकाला नेहमीपेक्षा एक वजन जाड घ्या. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते हेही ध्यानात ठेवा. खाकी कागदावर पांढरं शीर्षक छापता येत नाही, कापूनच चिकटवावं लागतं.

फोटोवर थेट शीर्षक टाकताना रंगापेक्षा उजेडातला फरक महत्त्वाचा. डोळा बारीक कडा मुख्यतः उजळ-गडद फरकावरून ओळखतो. नुसत्या रंगाच्या फरकातून त्याला बारकावा कमी मिळतो. हिरव्या शेतावर तितकाच गडद लाल मथळा झगमगतो, पण वाचवत नाही. फोनवर पानाचा कृष्णधवल फोटो काढा, शीर्षक विरलं तर रंग बदला. वेबच्या सुलभतेच्या नियमांत मोठ्या अक्षरांसाठी उजळ आणि गडद यांचं किमान ३:१ चं प्रमाण सांगितलं आहे. छापील पानाला त्याहून थोडं जास्तच ठेवावं. समुद्राच्या फोटोवर शिरोरेषा क्षितिजाशी समांतर आणि जवळ आली तर ती त्यात हरवते. शीर्षक वर आकाशात न्या.

कापून चिकटवायचं शीर्षक हा देवनागरीचा बालेकिल्ला आहे, कारण शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकाच तुकड्यात निघतो. पण त्यासाठी शिरोरेषा खरोखर एक असावी लागते. फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या रेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. कटिंग मशीन दिसेल त्या बाह्यरेषेवर पातं फिरवतं, म्हणून प्रत्येक सांध्यावर चिरा पडतात आणि शब्द हातात सुटा होतो. इंकस्केपमध्ये शीर्षक पूर्ण झाल्यावर फाइलची एक प्रत वेगळी ठेवा, कारण पुढे मजकूर बदलता येत नाही. मग 'पाथ' मेन्यूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ', त्यानंतर गट सोडवणं, सगळं निवडून 'युनियन', म्हणजे सगळे आकार एकात जोडणं, आणि एसव्हीजी म्हणून साठवणं. एकाच अक्षराच्या आतही रेषा एकमेकींवर चढलेल्या असू शकतात, विशेषतः वजन हवं तसं बदलणाऱ्या व्हेरिएबल फॉन्टमध्ये. युनियनने त्याही मिटतात. बाह्यरेषांचं दृश्य चालू करून शिरोरेषा एका सलग कडेने दिसते का ते बघा.

२०० ते २५० ग्रॅमच्या कार्डशीटवर सर्वांत बारीक रेघ दीड मिलिमीटरच्या खाली असू नये. मशीनच्या चिकट चटईवरून सोडवताना वेलांटीचा गळा फाटतो. हाताने कापणार असाल तर बाह्यरेषा उलटी, म्हणजे आरशातल्यासारखी करून रंगीत कागदाच्या पाठीवर छापा, म्हणजे पुढच्या बाजूला रेघ उरत नाही. आधी आतल्या पोकळ्या कापा, मग बाहेरची कड. बाहेरची कड आधी कापली तर धरायला कागदच उरत नाही आणि 'ळ'च्या आत पातं फिरवताना अक्षर मुडपतं.

स्टेन्सिल करायचं असेल तर मात्र गणित उलटतं. 'प' आणि 'म' यांचं पोट वरून शिरोरेषा बंद करते, त्यामुळे रोमनपेक्षा इथे कितीतरी जास्त तुकडे आतून गळून पडतात. अशा प्रत्येक पोकळीला दोन ठिकाणी दोन मिलिमीटरचे पूल ठेवा, शक्यतो दंडावर, शिरोरेषेवर नको. कापून चिकटवायच्या शीर्षकात अनुस्वार सुटाच निघतो आणि हरवतो. तो हाताने अंदाजाने चिकटवला तर एकतर मात्रेला टेकतो, नाहीतर फार वर जातो. युनियननंतर कापायच्या आधी पूर्ण शीर्षकाचा एक साधा प्रिंट काढा, पानावर हलक्या टेपने बसवा, अनुस्वाराच्या जागी टाचणीने भोक पाडा, प्रिंट काढून त्या खुणेवर ठिपका चिकटवा आणि मग बाकीचा शब्द त्याला जुळवून खाली लावा.