‘आईला सांगू नका हं, डॉक्टर’

कॅन्सरचा रिपोर्ट आला की आपल्याकडे मुलगा डॉक्टरांना केबिनबाहेर गाठून हळूच म्हणतो, ‘आईला सांगू नका हं.’ आई आत स्टुलावर बसलेली असते. हे सारे प्रेमापोटीच चाललेले असते. पण पाटल्या कोणत्या सुनेला द्यायच्या, अबोला धरलेल्या भावाला बोलवायचे का, हे तिला ठरवायचे असेल, तर तिने ते कधी ठरवायचे?

ख्रिस्ती जगात हा पेच फार जुना आहे. इ.स. 420च्या सुमारास संत ऑगस्टीनने असाच प्रसंग मांडला. अत्यवस्थ बाप विचारतो, मुलगा जिवंत आहे ना? मुलगा तर गेलेला, आणि ते ऐकून बापही जाईल. आपले मन कळवळते हे ऑगस्टीन लपवत नाही. तरीही खोटे बोलू नये, हाच त्याचा निर्वाळा.

1215 मध्ये रोमच्या लॅटरन धर्मपरिषदेने वैद्यांना बजावले, की उपचारांआधी रोग्याला धर्मगुरूला बोलवायला सांगा. कारण मोठे समजूतदार होते. अगदी शेवटी पाद्र्याचे नाव काढले, की रोगी हाय खातो. पहिल्यापासूनच ती रीत ठेवली, तर धसका बसत नाही, आणि पापकबुलीला वेळही मिळतो. मरणाऱ्या माणसाची काही कामे उरलेली असतात, हे त्यात गृहीत होते.

मँचेस्टरच्या टॉमस पर्सिव्हल या डॉक्टरने 1803 मध्ये वैद्यकीय नीतीवर पुस्तक लिहिले, तेव्हा हा धागा सुटला असे मला वाटते. खरे उत्तर कुटुंबप्रमुखाच्या जिवावर बेतणार असेल, तर त्याचा सत्यावरचा हक्कच उरत नाही, असे त्याने मांडले. धर्मगुरू टॉमस गिझबोर्न यांना ते पटले नाही. पण अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेची 1847ची संहिता बरीचशी पर्सिव्हलवर बेतलेली होती. 1961च्या एका अमेरिकी पाहणीत सुमारे 90 टक्के डॉक्टरांचा कल कॅन्सर न सांगण्याकडे होता. 1979 मध्ये 97 टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. त्यामागे रुग्णहक्कांचा आग्रह होता आणि सुधारलेले उपचारही.

पर्सिव्हलच्या आधीचा इंग्रज लेखक आणि कोशकार सॅम्युअल जॉन्सन मला इथे हटकून आठवतो. आजाऱ्याशी खोटे बोलण्याची त्याला विलक्षण चीड होती. आपल्याशीही असेच बोलले गेले असावे, असा त्याला संशय होता. डिसेंबर 1784 मध्ये त्याने डॉक्टर ब्रॉकल्सबींना सरळ विचारले, मी बरा होईन का? चमत्कार झाला तरच, असे उत्तर मिळाले. त्यावर त्याने औषधे बंद केली, वेदना शमवणारी अफूसुद्धा. देवापुढे जायचे ते शुद्ध हरपू न देता, अशी त्याने प्रार्थना केली होती.