केले की केलं? (मराठी लेखन)

मराठीत लिहिताना ‘केले, असे, सांगणे, मुले’ ही एकारान्त रूपे वापरावीत की ‘केलं, असं, सांगणं, मुलं’ ही टिंब असलेली, हा लेखकापुढचा रोजचा प्रश्न. मराठी साहित्य महामंडळाने 1962 मध्ये शुद्धलेखनाचे 14 नियम केले आणि 1972 मध्ये त्यांत 4 नियमांची भर घातली. त्यांनुसार टिंबाची रूपे पात्रांच्या तोंडी, बोलण्याच्या भाषेत वापरायची. एरवी ‘केले’च लिहायचे. सरकारी पत्रे, पाठ्यपुस्तके आणि विश्वकोशाच्या नोंदी (ही नोंददेखील) अजून तसेच लिहितात. ललित लेखन मात्र या कुंपणात राहिलेले नाही.

पूर्वी ‘काम केलें’ असे लिहीत. ‘उपाय केले’ यावर मात्र टिंब नसे. म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन डोळ्यांनाच वेगळे दिसे. 1962 च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि दोन्ही ‘केले’ सारखेच झाले. बोलण्यात हा भेद टिकून आहे: काम केलं, पण उपाय केले.

इथले टिंब नाकातला उच्चार दाखवत नाही. शेवटचा ‘अ’ लांबवायचा, एवढेच सांगते. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ सहसा उच्चारला जात नाही, म्हणून ‘घर’ आणि ‘घरं’, ‘पोर’ आणि ‘पोरं’ वेगळे. मोबाइलवर घाईने लिहिलेले ‘अस झाल की मी सांगितल’ हे वाचताना म्हणूनच अडखळायला होते.

खरी गफलत टिंब कुठे द्यायचे नाही, यात होते. ‘पैसे दिले’, ‘साहेब आले’, ‘माझे वडील’ या पुल्लिंगी अनेकवचनांत किंवा आदरार्थी रूपांत ते येत नाही. बाई स्वतःबद्दल बोलते तेव्हाही ‘मी गेले’च. ‘पोर गेलं’ हे मात्र बरोबर. प्रत्येक ‘ए’च्या जागी टिंब ठेवत गेलेला मजकूर या जागांवर लगेच उघडा पडतो. ‘हे’ आणि ‘ते’ प्रमाण बोलण्यातही बहुधा तसेच राहतात.

‘त्याने’चे ‘त्यानं’, ‘कुठे’चे ‘कुठं’, ‘पुढे’चे ‘पुढं’ करणे ही पुढची पायरी. इथे बोलीचा रंग गडद होतो: पश्चिम महाराष्ट्रात किंवा मराठवाड्यात वाढलेल्या पात्राच्या तोंडी ‘कुठं चाललास?’ सहज बसते, मुंबईकराच्या तोंडी तितके नाही. ‘त्याने काम केलं’ हे मिश्रण नियमनिष्ठ मुद्रितशोधकाला खटकते, पण पुष्कळ लोक तसेच बोलतात. ते दोष मानण्याचे कारण नाही.

निवेदन ‘केले’त आणि संवाद ‘केलं’त ही जुनी वाटणी तृतीयपुरुषी कथेत अजून चांगली चालते, कारण आवाज कुठे बदलला ते अवतरणचिन्हांआधीच कळते. प्रथमपुरुषी कथेत ती ताणली जाते. शेजारच्या काकूंना सांगावा तसा किस्सा सांगणारी नायिका ‘मी दार उघडले आणि पाहिले’ म्हणू लागली, की ती जबाब लिहून देते आहे असे वाटते. उलट, कथाभर ‘केलं’ चालू असताना एखाद्या परिच्छेदात अचानक ‘केले’ आले, तर वाचकाला दुसऱ्याच कोणाचा हात लागल्याचा संशय येतो. जाणूनबुजून थंड, तटस्थ सूर लावायचा असेल तेव्हा हाच बदल कामी येतो.