सेपरेटरमधल्या डिस्क दे लावाल यांच्या नव्हेत

फोंडा-सत्तरीकडच्या दूध व्यावसायिकांत एक समज घट्ट बसला आहे: दुधातून साय काढणारा सेपरेटर स्वीडनच्या गुस्ताफ दे लावाल यांनी आतल्या डिस्कसकट शोधला. हे चुकीचे आहे.

त्यांच्या १८७८ च्या यंत्राचे फिरते भांडे आतून पोकळ होते. १८८३ मध्ये ऑस्कर लाम यांच्यासोबत त्यांनी एबी सेपरेटर, म्हणजे आजची अल्फा लावाल, ही कंपनी काढली तेव्हाही डिस्क नव्हत्या. एकावर एक रचलेल्या शंकूच्या आकाराच्या डिस्कची कल्पना जर्मनीच्या क्लेमेन्स फॉन बेख्टोल्सहाइम यांची. कंपनीने त्यांचे पेटंट १८८९ मध्ये विकत घेतले. यंत्राची खरी ताकद या डिस्कमध्येच आहे, म्हणून हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. दोन डिस्कमधली फट साधारण अर्धा मिलिमीटर. एवढ्याशा अंतरात स्निग्धांशाचे हलके कण झटकन वेगळे होऊन आसाकडे सरकतात, जड दूध कडेकडे जाते.

दूध गाळून ४० अंश सेल्सिअसच्या आसपास कोमट करावे, यंत्राने पूर्ण वेग घेतल्यावरच सोडावे. डिस्कवर क्रमांक असतील तर त्याच क्रमाने बसवाव्यात. वेग कमी पडला, दूध गार राहिले किंवा फटीत जुना थर चिकटला, की साय पूर्ण वेगळी न होता साय काढलेल्या दुधाबरोबर निघून जाते. म्हणून काम संपताच डिस्क सुट्या करून धुवाव्यात.