ऑडिशनसाठी स्वगताची निवड

नाटकातल्या भूमिकेसाठी किंवा नाट्यशाळेतल्या प्रवेशासाठी होणाऱ्या चाचणीत नट एकट्याने एक उतारा सादर करतो. तो उतारा शोधणे, कापून वेळेत बसवणे आणि आपल्या आवाजाशी, वयाशी, भाषेशी जुळतो का हे पारखणे, एवढे सगळे या निवडीत येते. बोलताना अशा उताऱ्याला सरसकट ‘स्वगत’ किंवा ‘मोनोलॉग’ म्हणतात. वेळ बहुधा दोन-तीन मिनिटांचा मिळतो.

‘स्वगत’ हे नाव रुळले असले तरी ते नवख्या नटाची दिशाभूल करते. संस्कृत नाट्यपरंपरेत स्वगत म्हणजे पात्राचे मनातले बोलणे, जे रंगमंचावरच्या इतर पात्रांना ऐकू जात नाही असे मानायचे. समोर नसलेल्या माणसाशी बोलणे, त्याचे न ऐकू येणारे उत्तर ऐकणे आणि त्यावर पुन्हा बोलणे याला ‘आकाशभाषित’ असे वेगळे नाव आहे. ‘भाण’ हा एकाच नटाचा नाट्यप्रकार सगळा त्यावरच उभा असतो. ऑडिशनला लागणारा उतारा खरे तर या दुसऱ्या जातीचा. ज्यात पात्र कोणाकडून तरी काही मागते आहे, लपवते आहे, कोणाला तरी अडवते आहे, असाच उतारा घ्यावा. नुसते दुःख सांगणारी किंवा आयुष्याविषयी मत मांडणारी भाषणे वाचताना भारावून टाकतात, पण उभे राहून म्हणताना पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत एकाच सुरात जातात.

बडोद्याच्या मराठी नटाला उताऱ्यासाठी फार लांब जावे लागत नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारी १९१९ मध्ये याच शहरात केला. गडकरी त्याआधी महिनाभरच, २३ जानेवारीला, गेले होते. दारूच्या नादी लागून उद्ध्वस्त होणारा नायक सुधाकर गणपतराव बोडस झाले आणि त्याची पत्नी सिंधू बालगंधर्व. सुधाकराची रामलालपुढची बोलणी निवडीचे उत्तम उदाहरण आहेत. ऐकणारा कोण हे पक्के ठाऊक आहे, तो जिवाभावाचा मित्र आहे, आणि सुधाकराची बुद्धी शाबूत असताना तो स्वतःच्या नाशाचा युक्तिवाद करतो आहे. तो वकील आहे हे विसरून केवळ दारुड्याचे सोंग आणले की उतारा कोसळतो. गडकऱ्यांची लांब, अलंकारिक वाक्ये मात्र दमसासाची परीक्षा घेतात. श्वास कुठे घ्यायचा हे ठरवल्याशिवाय हा मजकूर चाचणीला नेऊ नये.

भाषेचा प्रश्न इथे पुण्या-मुंबईपेक्षा अवघड आहे. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या मराठी घरांतली मुले घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि पुढे हिंदी बोलत वाढतात. सुरसागरजवळच्या ज्या संस्थेची सुरुवात १८८६ साली गायनशाळा म्हणून झाली, ती आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीत-नाट्याची विद्याशाखा आहे, आणि तिथल्या वातावरणात तिन्ही भाषा कानावर पडतात. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाकडे डोळे लावून बसलेल्याला हिंदीची तयारी टाळता येत नाही. तरीही निवडीची सवड असेल तेव्हा ज्या भाषेत आपण आईशी भांडतो ती भाषा घ्यावी. बडोद्याच्या मराठीला गुजरातीचा हेल असतो. आजच्या काळातल्या पात्राला तो शोभतो आणि तो पुसून टाकायची धडपड केली की आवाजातला जिवंतपणाही जातो. स्वतः गडकरी बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात जन्मले होते, याची आठवण इथल्या मुलांना आवर्जून करून द्यावी.

लोकप्रिय उताऱ्यांबाबत सावध राहावे लागते. ‘नटसम्राट’मधले वृद्ध नट गणपतराव बेलवलकर कितीही मोह घालोत, विशीतल्या मुलाने ती भाषणे घेतली तर दिसते ते ओढूनताणून आणलेले म्हातारपण. १९७० साली ही भूमिका प्रथम केली तेव्हा डॉ. श्रीराम लागू त्रेचाळीस वर्षांचे होते. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधले बेणारेचे अखेरचे भाषण तरुण मुलींच्या आवाक्यातले आहे, म्हणून ते वारंवार निवडले जाते. पण मूळ रचना पाहिल्याशिवाय ते घेणे धोक्याचे. नाटकातले लुटुपुटीचे न्यायालय तिला बोलायला फक्त दहा सेकंद देते, आणि ते प्रदीर्घ बोलणे त्या दहा सेकंदांच्या पोटात घडते. आजूबाजूची माणसे थिजलेली असतात. म्हणजे हे बोलणे कोर्टाला ऐकूच जात नाही. इथे मात्र ‘स्वगत’ हा शब्द नेमका लागू पडतो. ही गोष्ट न कळलेली मुलगी परीक्षकांवर ओरडत सुटते. पूर्ण नाटक वाचल्याखेरीज उतारा घेऊ नये, हा आग्रह त्यासाठीच.

उतारा कापून वेळेत बसवण्याचे, म्हणजे बेतणीचे, काम त्यामानाने सोपे. विरामांसकट दोन मिनिटांत साधारण सव्वादोनशे शब्द बसतात. दोघांच्या संवादातून उतारा काढायचा असेल तर समोरच्याची वाक्ये गाळावीत, पण त्याच्या उत्तराला लागणारा वेळ गाळू नये. नजर परीक्षकांच्या डोक्यावरून थोडी वर, एका ठरावीक जागी ठेवतात.

सोबत निराळ्या प्रकृतीचा आणखी एक उतारा तयार हवा. पहिला गंभीर असेल तर दुसरा हलका. अनेकदा परीक्षक मध्येच थांबवतात आणि तोच उतारा बसून, हळू आवाजात, किंवा लहान भावाशी बोलल्यासारखा करायला सांगतात. हातवाऱ्यांसकट घोटून पाठ केलेले स्वगत त्या क्षणी अडते. कोणाशी बोलतो आहोत हे ठरवून तालीम केलेली असली, तर फक्त समोरचा माणूस बदलावा लागतो.